प्रदर्शन तोंडावर आलं की आठवणारी बाटली: लिक्विन ओरिजिनल

१८३२ सालच्या रॉयल अकॅडमीच्या प्रदर्शनात इंग्रज चित्रकार टर्नरने आपल्या करड्या समुद्रचित्रावर ऐन वेळी लाल रंगाचा एक ठिपका दिला आणि शेजारी टांगलेलं दुसऱ्या चित्रकाराचं, कॉन्स्टेबलचं, चित्र एकदम फिकं वाटायला लागलं, हा किस्सा चित्रकारांत अजून रंगवून सांगितला जातो. नंतर त्याने त्या ठिपक्याला पाण्यावर तरंगणाऱ्या बोयाचा आकार दिला. त्या काळी उद्घाटनाआधीचे काही दिवस भिंतीवर लागलेल्या चित्रांवर व्हार्निश चढवायला आणि शेवटचा हात फिरवायला राखून ठेवलेले असत. आजच्या चित्रकाराला ही चैन नाही. चित्र आधी गुंडाळावं लागतं, खोक्यात घालावं लागतं, दुसऱ्यांच्या हातांनी उचललं जातं. टर्नरचा तो ओला ठिपका आज वाटेतच कागदाला चिकटला असता.

योगायोग असा की त्याच वर्षी लंडनमध्ये विल्यम विन्सर आणि हेन्री न्यूटन यांनी रंगांचा धंदा सुरू केला. त्यांच्या नावाने चालत आलेल्या कंपनीचं ‘लिक्विन ओरिजिनल’ हे अल्किड मीडियम, म्हणजे तैलरंगात मिसळायचं जलद वाळणारं द्रव्य, प्रदर्शनाची तारीख ठरली की तैलचित्रकाराच्या टेबलावर हमखास दिसणारी बाटली. आमचं मत आधीच सांगून टाकतो: माल उत्तम आहे, पण लोक तो चुकीच्या आठवड्यात वापरतात. शेवटच्या आठवड्यात ओलं चित्र वाचवायचं औषध म्हणून ही बाटली विकत घेणार असाल तर घेऊ नका. पहिल्या थरापासून तिला वेळापत्रकात जागा देणार असाल, तर तिच्याइतकं भरवशाचं दुसरं फारसं काही नाही.

अल्किड म्हणजे वनस्पती तेल आणि पॉलिएस्टर यांच्या संयोगातून बनलेलं राळेसारखं द्रव्य. घराच्या दारंखिडक्यांना लावायच्या एनॅमल रंगांत ते आधी आलं. अमेरिकन चित्रकार पोलॉकने जमिनीवर पसरलेल्या कॅनव्हासवर ओतलेल्या रंगांतही ते होतं. नुसतं जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेत घेत सावकाश घट्ट होतं. अल्किडमध्ये दोन गोष्टी पाठोपाठ होतात. आधी त्यातलं पेट्रोलियम द्रावक उडून जातं आणि थर बसतो. मग राहिलेला भाग ऑक्सिजन घेऊन पक्का होतो. रेणू आधीच मोठे असल्याने त्यांना एकमेकांत गुंफायला कमी वेळ लागतो. कंपनी रंग आणि थराची जाडी पाहून १ ते ६ दिवसांत हाताला कोरडं लागेल असं सांगते, आणि पातळ थरांपुरता हा दावा खरा आहे. थर जाड असेल तर तो विसरा.

‘रंग पाहून’ हे शब्द मात्र नीट वाचावेत. मीडियम सगळ्या रंगांना सारख्या वेगाने पळवत नाही. ज्याचा स्वभावच आळशी तो मीडियम घालूनही मागेच राहतो. रॉ अंबर आणि बर्न्ट अंबरमध्ये मँगनीज असतं, ते स्वतःच वाळण्याला मदत करतं, म्हणून अंबरचा पातळ हात दुसऱ्या दिवशी कोरडा मिळतो. कोबाल्टचे निळे आणि प्रशियन ब्लू तसेच चपळ. अलिझरिन क्रिमझन, क्विनाक्रिडोनचे गुलाबी-जांभळे आणि कॅडमियमचे लाल-पिवळे रेंगाळतात. पांढऱ्याकडे वेगळं लक्ष हवं. काही टायटेनियम व्हाइट करडईच्या तेलात घोटलेले असतात, कारण ते तेल कमी पिवळं पडतं. पण ते जवसापेक्षा सावकाश वाळतं. ट्यूबच्या मागे तेलाचं नाव बारीक अक्षरात छापलेलं असतं, ते पाहूनच खालच्या थरासाठी पांढरा निवडावा. झिंक व्हाइट खालच्या थरात शक्यतो नकोच. त्याचा थर काळाबरोबर कडक आणि ठिसूळ होतो, आणि वरचं सगळं काम त्या ठिसूळपणावर उभं राहतं.

वापरायची पद्धत सोपी आहे, प्रमाणावर मात्र हात आखडता घ्यावा. रंगाच्या साधारण पाचव्या ते चौथ्या हिश्शाइतकं मीडियम पुरतं. ३७ मिलीच्या एका ट्यूबला ८ ते ९ मिली, असा अंदाज धरला तर ७५ मिलीची छोटी बाटली आठ-नऊ ट्यूबना पुरते. बाटलीत ते मऊ जेलीसारखं दिसतं, पॅलेट नाइफने घोळलं की सैल होतं आणि ठेवून दिलं की पुन्हा आवळतं. त्यामुळे ते पॅलेटवर वाहत नाही, ही त्याची मोठी सोय. एका वेळी चमचाभरच काढा. पातळ पसरलेल्या रंगाला तासाभरात, थोडं पुढे-मागे, ओढ लागायला लागते. उकाड्यात त्याच्याही आधी. एकदा ब्रश अडखळायला लागला की त्या जागी परत घोटत बसू नये. अर्धवट बसलेला थर फाटतो, चिकट रेघा उठतात आणि त्या तशाच वाळतात. ओल्यात ओलं काम करणाऱ्यांना, कडा दिवसभर मऊ करत बसणाऱ्यांना हा स्वभाव मानवत नाही. एका बैठकीत एक भाग संपवणाऱ्यांना तो आवडतो.

आता बिघडतं कुठे, ते सविस्तर बघू, कारण या बाटलीबद्दलच्या बहुतेक तक्रारी थरांच्या क्रमातून येतात. तैलरंगाचा जुना नियम ‘फॅट ओव्हर लीन’: खाली कमी तेलाचा, वर जास्त तेलाचा थर. त्यामागचं कारण हालचालीत आहे. सावकाश वाळणारा थर बराच काळ हलत, आकसत राहतो. त्याच्यावर पटकन ताठ होणारा थर बसवला तर खालच्याच्या हालचालीने वरचा तडकतो. घाईतला चित्रकार नेमका हाच उलटा क्रम लावतो. आधी दीड महिना साध्या जवसाच्या तेलात काम होतं, मग तारीख आठवते आणि शेवटच्या दोन थरांत भरपूर लिक्विन जातं. वरून चित्र चार दिवसांत कोरडं, पोटात ओलं. तडे लगेच दिसत नाहीत, ही यातली सगळ्यात वाईट गोष्ट. म्हणून एक तर सगळ्या थरांत लिक्विन वापरा, किंवा फक्त खालच्या थरांत लिक्विन वापरून वर तेलाकडे जा. उलटं कधीच नाही.

दुसरा बिघाड चिकटण्याचा. लिक्विनचं प्रमाण वाढलं की वाळलेला थर गुळगुळीत आणि चकचकीत होतो. महिनाभराने त्याच्यावर पातळ ग्लेझ, म्हणजे पारदर्शक रंगाचा हात, दिलं तर ते अळवावरच्या पाण्यासारखं थेंब थेंब गोळा होतं. जोर लावून घासलं की बसल्यासारखं वाटतं, पण पकड कच्ची राहते आणि पुढे पापुद्रा सुटू शकतो. उपाय दोन. थर हाताला कोरडा झाल्यावर पुढचा थर फार लांबवू नका. आणि लांबलाच तर बारीक दाण्याच्या पॉलिश कागदाने अगदी हलका हात फिरवून चमक मोडा, धूळ पुसा, मगच रंग लावा. घासताना मास्क हवाच, विशेषतः कॅडमियम आणि कोबाल्टच्या रंगांवर.

तिसरी गोष्ट जाडी. प्रत्येक थर कार्डाच्या कागदापेक्षा जाड नसावा. जाड लावलेल्या रंगात वरची साय आधी धरते, आत हवा पोचत नाही, मग आतला रंग आकसला की वर सुरकुत्या पडतात. नाइफने ढीग रचणाऱ्यांसाठी त्याच घरचं ‘लिक्विन इम्पॅस्टो’ वेगळं आहे. ओरिजिनलकडून ते काम करून घेऊ नये.

आणि चौथी चूक अशी की ती सर्रास सांगितलीही जाते: चित्राचे काही भाग मंद, निस्तेज पडले की त्यांच्यावर नुसतं लिक्विन चोळून चमक आणायची. हे करू नका. खालच्या शोषक थराने तेल ओढून घेतलं की रंग असा ‘बसतो’, काळे आणि अंबर तर हमखास. त्यावर जवसाच्या तेलात थोडं मिनरल स्पिरिट (रंग पातळ करायचं पेट्रोलियम द्रावक) मिसळून अगदी पातळ हात फिरवायचा आणि जास्तीचं तेल कापडाने पुसून घ्यायचं. लिक्विन हे व्हार्निश नाही, शेवटचा हातही नाही, असं कंपनी स्वतःच सांगते. रंगाशिवायचा तो पापुद्रा चित्राचा कायमचा भाग होतो. पुढे कुणाला चित्र स्वच्छ करायचं झालं तर तो रंगाला धक्का न लावता निघत नाही.

या सगळ्याचा वेळापत्रकाशी हिशोब कसा बसतो ते बघू. मध्यम आकाराची १२ चित्रं आणि हातात १२ आठवडे, असं धरा. पहिला आठवडा कॅनव्हास ताणण्यात आणि जेसोत, म्हणजे रंगाआधी लावायच्या पांढऱ्या अस्तरात, जातो. अॅक्रिलिक जेसोवर तैलरंग चढवायच्या आधी किमान एक दिवस, जमल्यास तीन दिवस थांबावं. वरून कोरडा दिसला तरी आत पाणी असतं. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात बाराही चित्रांचं अंडरपेंटिंग, म्हणजे तळाचं पहिलं रंगकाम, एका दमात, अंबर आणि कोबाल्ट ब्लूमध्ये, मीडियम नावापुरतं. इथे एक एक चित्र संपवत जायचा मोह होतो. तो टाळावा. पहिलं चित्र अडीच महिने वाळतं आणि बारावं अडीच दिवस, अशी वेळ त्यातूनच येते.

चौथ्या ते सातव्या आठवड्यात खरी मजुरी. तीन-तीन चित्रांचे चार गट करा आणि रोज एक गट घ्या. पाचव्या दिवशी पहिला गट पुन्हा हातात येतो. लिक्विनच्या पातळ थराला लागणारा वेळ नेमका या फेरीत बसतो, आणि इथेच या बाटलीचे पैसे वसूल होतात. आठवड्याची एक सुट्टी धरली तरी चार आठवड्यांत २४ दिवस, म्हणजे प्रत्येक चित्राला सहा बैठका मिळतात. साध्या तेलात अशा सहा बैठका या काळात बसवणं अवघड. अलिझरिन किंवा कॅडमियमचं मोठं क्षेत्र असलेली चित्रं एकाच गटात ठेवा आणि त्या गटाला एक-दोन दिवस जास्त द्या. प्रत्येक चित्राच्या मागे, लाकडी चौकटीवर, पेन्सिलने तारीख आणि त्या दिवशी वापरलेलं मीडियम लिहीत जा. कंटाळवाणं काम आहे. पण दहाव्या आठवड्यात कोणतं चित्र आधी व्हार्निशला घ्यायचं, हे त्या नोंदीच सांगतात.

आठव्या आठवड्याच्या अखेरीस ब्रश खाली. पुढचे दोन आठवडे चित्रं उजेडात आणि हवेशीर जागी उभी असावीत, एकमेकांना टेकून नव्हे. बंद अंधाऱ्या खोलीत रंग सावकाश वाळतो आणि तेल पिवळसरही पडतं. हीटर किंवा कडक ऊन लावून घाई करू नये. वरची साय तेवढी लवकर धरते. याच काळात कडा रंगवून घ्या आणि मागच्या कड्या-तार बसवा: कडी चौकटीच्या वरून साधारण एक तृतीयांश अंतरावर, तार थोडी सैल, ताणली तरी वरच्या काठाबाहेर न दिसणारी. हे काम व्हार्निशनंतर ठेवलं तर ताजं व्हार्निश पालथं घालावं लागतं आणि खालच्या फोमची जाळी त्यावर उमटते.

छायाचित्रं व्हार्निशच्या आधी काढावीत, कारण चकाकीशी झटापट निम्म्याने कमी होते. दोन सारखे दिवे दोन्ही बाजूंनी ४५ अंशांवर, कॅमेरा चित्राच्या मध्यबिंदूला समोरासमोर, आणि पहिल्या फोटोत करड्या रंगाची पट्टी. बस.

व्हार्निशपाशी लिक्विनबद्दलचा आणखी एक गैरसमज दूर करायला हवा. लिक्विनने चित्र हाताला लवकर कोरडं होतं, पूर्ण पक्कं होत नाही. नेहमीच्या व्हार्निशसाठी सहा महिने ते वर्ष थांबायचा सल्ला लिक्विन वापरलं म्हणून बदलत नाही. टर्पेंटाइनमध्ये विरघळवलेलं डॅमर (झाडाच्या राळेचं व्हार्निश) कोवळ्या थराला चावतं, ब्रशबरोबर रंगही हलतो. शिवाय डॅमर पुढे पिवळं पडतं ते वेगळंच. प्रदर्शनाच्या मुदतीत बसणारा पर्याय म्हणजे गॅम्ब्लिन कंपनीचं ‘गॅम्वार’ हे व्हार्निश. वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरी ऑफ आर्टमध्ये रेने द ला री यांनी रेगलरेझ या राळेवर जे काम केलं, त्यातून हे व्हार्निश घडलं. ही राळ सौम्य मिनरल स्पिरिटमध्ये विरघळते आणि तशाच स्पिरिटने पुढे काढताही येते, म्हणून चित्राचा सगळ्यात जाड भाग कोरडा आणि टणक झाला की ते लावता येतं. लिक्विन आणि गॅम्वार ही वेगळ्या कंपन्यांची जोडी, पण एकत्र नांदतात.

टणकपणा ओळखायला बोटाचं टोक पुरत नाही. जाडातल्या जाड जागी अंगठ्याचं नख हलकेच दाबा. खूण उठली तर थांबा. मग कडेच्या न दिसणाऱ्या जागी, गडद लाल किंवा काळ्यावर, मिनरल स्पिरिटमध्ये ओला केलेला कापूस फिरवा. कापसाला रंग लागला तर अजून थांबा. दोन्ही परीक्षा उतरल्यावर चित्र आडवं ठेवा, धूळ झटका आणि पाच-सात सेंटीमीटर रुंद, स्वच्छ ब्रशने अगदी थोडं व्हार्निश घेऊन पसरत राहा. सुरुवातीला ते गुळगुळीत लिक्विनवरून मागे सरकतं, थेंब धरतं. अशा वेळी जास्त ओतायचं नाही, तेवढंच पसरत राहायचं. स्पिरिट उडायला लागलं की ते बसतं. ब्रशला ओढ लागली की थांबायचं. मॅट हवं असेल तर बाटली नीट हलवून घ्या, नाहीतर चमक मारणारा पदार्थ तळाशी राहतो. आणि थर पातळच ठेवा, जाड झाला तर काळ्या भागांवर धुकं येतं.

हाताला कोरडं झालं तरी गुंडाळायच्या आधी व्हार्निशला आठवडाभर द्या. थेट चित्रावर प्लास्टिक नको. बबल रॅपचे फुगे आत ठेवून गुंडाळलेल्या चित्रावर गोल गोल ठसे उमटतात आणि ते निघत नाहीत. सगळ्यात सुरक्षित म्हणजे चारही कोपऱ्यांना पुठ्ठ्याचे जाड कोन बसवून समोर हवेची फट ठेवायची आणि मग बाहेरून, फुगे बाहेरच्या बाजूला ठेवून, गुंडाळायचं.

आता बाटलीच्या खोड्या. झाकणाच्या आट्यांत लिक्विन साचलं की पुढच्या वेळी झाकण पकडीशिवाय उघडत नाही. प्रत्येक वेळी तोंड पुसा. बाटली अर्धी झाली की आतल्या हवेने वर साय धरते. साय फाडून ढवळून टाकली तर तिचे कण चित्रात खड्यांसारखे येतात; ती अख्खी उचलून काढावी, आणि उरलेलं लहान बाटलीत भरावं किंवा आत काचेच्या गोट्या टाकून पातळी वर आणावी. जुनी बाटली चहासारखी तपकिरी होते. पातळ थरात तो रंग सहसा जाणवत नाही, तरी पांढऱ्यावर फिकट पडदे चढवायचे असतील तर आधी पांढऱ्या कार्डावर रेघ ओढून बघा. एकट्याने काम करणाऱ्याने म्हणूनच लिटरची बाटली घेऊ नये, ती संपायच्या आत बिघडते. ब्रश त्याच दिवशी धुवा, मुठीजवळच्या पत्र्यापर्यंत. रात्रभर राहिला तर सकाळी लाकडासारखा मिळतो.

वास सौम्य आहे आणि तोच धोका, कारण लोक खिडकी उघडत नाहीत. वाफा असतातच. वापरलेल्या चिंध्यांचा गोळा करून कोपऱ्यात टाकू नका: वाळणारं तेल आणि अल्किड ऑक्सिजन घेताना उष्णता सोडतात, गोळ्यात ती कोंडते आणि चिंधी आपोआप पेटू शकते. झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात पाणी घालून त्यात टाकाव्यात.

हे कुणासाठी नाही, तेही सांगायला हवं. पाण्यात मिसळणाऱ्या तैलरंगांसोबत लिक्विन चालत नाही. त्यांच्यासाठी कंपनीच्या ‘आर्टिझन’ मालिकेतलं जलद वाळणारं मीडियम आहे. द्रावकाचा त्रास होणाऱ्यांनी गॅम्ब्लिनचं करडईचं तेल आणि अल्किड यांचं द्रावकविरहित जेल बघावं. वाळतं थोडं सावकाश, पण डोकं दुखत नाही. जास्त प्रवाही, काचेसारखे ग्लेझ हवे असतील तर गॅम्ब्लिनचं अल्किड मीडियम ‘गॅलकिड’ किंवा ‘लिक्विन फाइन डिटेल’ बरं. रोज सगळेच रंग जलद हवे असतील तर लिक्विनच्याच कंपनीचे ‘ग्रिफिन’ अल्किड रंग मुळातच अल्किडमध्ये घोटलेले आहेत, मीडियमचं प्रमाण मोजत बसावं लागत नाही.

आणि प्रदर्शन पुढच्या रविवारी असेल, चित्र अजून ओलं असेल, तर काहीच न मिसळता ते तसंच राहू द्या, व्हार्निश वगळा, कोन लावून हवेच्या फटीसह स्वतः घेऊन जा, आणि भिंतीवर लावताना कडांनाच धरा.